तालमीला चाललोय

ताई, नमस्कार.

मी कोल्हापूरचा, वय ४७. गेली सहा वर्षं रात्री जेवणं झाली की एक कादंबरी लिहीत बसतो. विनोदी आहे, निदान व्हावी अशी इच्छा आहे. साल १९९३-९४. दहावीतला सोळा वर्षांचा सुध्या, गंगावेशीतलं पैलवानांचं घर. वडिलांनी एके काळी खासबागेत कुस्त्या मारलेल्या, थोरला भाऊ तालमीत. आणि हा नाटकाच्या नादी लागलेला. एका हौशी संस्थेत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतो, म्हणजे नट अडला की त्याचं वाक्य हळूच सांगतो. सगळं घडतं ते केशवराव भोसले नाट्यगृहाच्या आसपास. सुध्या म्हणजे मीच, लपवत नाही.

अडचणी अशा. बायकोनं पहिली पन्नास पानं वाचली आणि एकदाही हसली नाही. मित्र म्हणतो, तुझ्या तोंडून ऐकताना मजा येते, कागदावर येत नाही. आणि दुसरं म्हणजे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. मीही रस्त्यावर उभा राहून बघत होतो. त्यानंतर शेवटचं प्रकरण आगीचं लिहिलं. ते चांगलं उतरलंय असं वाटतं, पण आता त्याच्यापुढे आधीची सगळी पानं थिल्लर वाटायला लागलीत. कोल्हापुरी बोली ठेवावी का, हेही कळत नाही. वडील आहेत, ७९ चे. ऐकू कमी येतं. त्यांना कादंबरीबद्दल सांगितलेलं नाही.

सगळं बाड पाठवतोय. फाडून टाकू का?

– एक जुना प्रॉम्प्टर, कोल्हापूर

---

नमस्कार प्रॉम्प्टरबुवा,

फाडू नका. दोनशे चाळीस पानं वाचायला मला तीन रात्री लागल्या, त्या फुकट जातील.

बायको हसली नाही याचं कारण पहिल्याच पानावर आहे. तुम्ही लिहिलंय, ‘बिचाऱ्या सुध्याला वाटायचं की आपण म्हणजे साक्षात बालगंधर्वच!’ पुढे उद्गारचिन्ह. हे वाक्य सोळा वर्षांच्या पोराचं नव्हे, सत्तेचाळीस वर्षांच्या गृहस्थाचं आहे. तो पोराच्या खांद्यावर हात टाकून वाचकाला डोळा मारतोय, बघा कसा येडा होता. असं कुणी आधीच हसून दाखवलं की ऐकणाऱ्याला हसायला उरतं काय? मित्रासमोर तुम्ही हेच तोंडानं सांगता तेव्हा मजा येते, कारण तिथे तुमचा चेहरा असतो, मधे थांबता, सुध्याची चाल करून दाखवता. कागदावर त्यातलं काही येत नाही. उरतं फक्त ‘बिचाऱ्या’.

सुध्याला स्वतःचं काहीही हास्यास्पद वाटता कामा नये. तुमचीच पान अकरावरची आरशाची जागा घ्या. मी ती अशी लिहून पाहिली: ‘सुध्यानं आरशात डावीकडून पाहिलं. डावी बाजू शोकांतिकेची होती. उजव्या गालावर मुरूम असल्यामुळे ती बाजू सध्या विनोदी नाटकांसाठी राखून ठेवली होती.’ यात बिचारा कुठे नाही, बावळट कुठे नाही. पोरगा आपल्या कारकिर्दीची व्यवस्था लावतोय, आणि ती तो मनापासून लावतोय. बाडातले ‘बिचारा’, ‘भाबडा’, ‘त्या वयात असंच वाटतं’ हे सगळे शब्द लाल पेनानं शोधा. मी चाळिसावर मोजणं सोडून दिलं.

आता मला तुमच्यावर जरा रागवायचंय.

पान ११७. सुध्या संध्याकाळी चपला घालतोय. वडील विचारतात, ‘कुठं रं?’ तो म्हणतो, ‘तालमीला.’ वडील म्हणतात, ‘दूध पिऊन जा.’ झालं. दोन ओळी लिहून तुम्ही पुढच्या किश्शाकडे निघून गेलात! अहो, तुमची अख्खी कादंबरी त्या दोन ओळींत आहे. कोल्हापुरात तालीम म्हटली की लाल माती, आणि नाटकवाल्याच्या तोंडी तालीम म्हटली की संहिता हातात घेऊन चाललेली घोकंपट्टी. पोरगा बापाशी एक अक्षर खोटं बोललेला नाही. तरी रोज संध्याकाळी तो बापाला फसवतोय. आपल्या भाषेनं एवढा मोठा विनोद आयता हातात दिलाय, आणि तुम्ही तो ११७ व्या पानावर, मिसळीच्या पैजेच्या आणि हेडमास्तरांच्या सायकलच्या मधे दडपून ठेवलात. तो पहिल्या पानावर आणा. तिथून सुरुवात करा.

मग पुढचं आपोआप सुचेल, कारण त्या एका शब्दाला परिणाम आहेत. तालमीला जाणाऱ्या पोराला खुराक सुरू होतो. दूध, भिजवलेले बदाम, तूप. जोर-बैठका मात्र शून्य. सहा महिन्यांत काय होणार? पोरगं सुटणार. आणि बाप खूश होणार, अंग भरतंय म्हणून! तुमच्याकडे मध्येच एक प्रसंग आहे, सुध्याला प्रेमिकाची भूमिका न देता सावकाराच्या मुनिमाची देतात. का देतात, ते तुम्ही सांगितलेलंच नाही. आता कारण मिळालं. त्या भूमिकेचा खर्च बापानंच केलाय, रोज अर्धा शेर दुधाच्या हिशोबानं.

आणि माती? तालमीतून घरी येणाऱ्याच्या गुडघ्याला, पाठीला लाल माती असते. सुध्याच्या अंगाला मेकअपच्या पॅनकेकचा आणि मिश्या चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास. त्याला रोज घरी शिरायच्या आधी कुठून तरी मूठभर माती मिळवायला लागणार. हौद्यातली माती साधी नसते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू कालवलेलं असतं. पैलवानाच्या नाकाला ती डोळे झाकून कळते. तेव्हा पोरानं परड्यातली माती चोपडून चालायचं नाही. कुणाला तरी सामील करून घ्यावं लागेल. थोरल्या भावाला? मग भाऊ मोबदल्यात काय मागेल? इतकं सगळं एका शब्दातून निघतंय आणि तुम्ही मिश्या गळून पडण्याचे विनोद करत बसलात.

मिश्यांवरून आठवलं. ऐन प्रसंगात नटाची मिशी सुटते आणि ताटात पडते, हा प्रसंग काढून टाका. खरा घडला असेल, शंका नाही. नाटकाच्या आठवणींची जेवढी म्हणून बाडं माझ्याकडे आली, त्यात निम्म्या ठिकाणी मिशी पडलेली आहे. तशीच चुकून सुटलेली ड्रेपरी आणि बंदुकीचा न झालेला आवाज. हे तिघे एकत्र फिरतात. तिघांनाही नारळ द्या.

सुलूबद्दलही एक सांगते, थोडक्यात. ती मंडळीत नायिकेची कामं करते, सुध्या विंगेतून तिच्याकडे बघत बसतो, आणि दोनशे चाळीस पानांत तिच्या वाट्याला एकही विनोद नाही. पण तुम्हीच लिहिलंय की तालमीला तिच्याबरोबर रोज आई येते, थर्मास घेऊन, आणि सगळं नाटक त्या आईला पाठ झालंय. मग अशा मुलीला किती गोष्टी सांभाळून नाटक करावं लागत असेल याचा विचार करा. सुध्या एकच थाप मारतोय. ती दिवसाला चार मारत असणार, आणि त्याच्यापेक्षा सफाईनं. तिला त्याची थाप पहिल्याच आठवड्यात कळलेली असू द्या.

आता इतिहासाचं प्रकरण. बावीस पानं. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं, शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं, त्याला पुढे केशवरावांचं नाव मिळालं. गायकनट केशवरावांचा जन्म १८९० चा, त्यांची ललितकलादर्श नाटक मंडळी, संयुक्त मानापमानाचा प्रयोग, आणि १९२१ मध्ये ऐन एकतिसाव्या वर्षी मृत्यू. सगळं बरोबर आहे, मनापासून लिहिलंय, आणि मी दुसऱ्या पानावर पेंगले. कारण हे सुध्या सांगत नाहीये. स्मरणिका सांगतेय.

यातल्या दोनच गोष्टी ठेवा. एक, कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह एकाच राजानं दोन-तीन वर्षांच्या अंतरानं एकमेकांना खेटून बांधलं. सुध्याच्या घरात ज्या दोन गोष्टींचं हाडवैर आहे, त्या तिथे शेजारीपाजारी नांदताहेत. हे समजावून सांगू नका. मैदानावरची आरोळी तालमीच्या मधेच भिंतीपलीकडून ऐकू येऊ द्या आणि नायकाचं प्रेमाचं वाक्य तिच्यात बुडू द्या. दुसरी गोष्ट म्हणजे केशवरावांनी १९०८ च्या जानेवारीत हुबळीला ललितकलादर्श काढली, तेव्हा त्यांना अठरावं पुरं झालं नव्हतं. तुमच्यासाठी ही इतिहासातली नोंद आहे. सोळा वर्षांच्या सुध्यासाठी ती धोक्याची घंटा आहे. त्यानं बोटं मोजावीत आणि हबकावं: आपल्याकडे जेमतेम दीड वर्ष उरलं, आणि मध्ये दहावीची परीक्षा! ही एक ओळ तुमच्या बावीस पानांना भारी पडेल.

बोलीचं फार डोकं खाऊ नका. घरात, रस्त्यात, तालमीत (दोन्ही) कोल्हापुरीच. तिला ओळीओळीला ‘लगा’ आणि ‘भावा’ची फोडणी मात्र नको, तशी बोली मालिकेत असते. गंमत अशी करता येईल की सुध्या एकटाच मधूनमधून नाटकाच्या भाषेत बोलतो. रोज विंगेत बसून तीच वाक्यं कुजबुजायची म्हणजे ती जिभेवर बसणारच. तो आईला म्हणतो, ‘माते, मजवर एवढा कोप कशासाठी?’ आणि आई म्हणते, ‘पिठाची गिरणी बंद हुईल, जा.’

आता त्या रात्रीबद्दल.

आगीचं प्रकरण मी दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, त्यासाठीची तयारी, रस्त्यावर उभी राहिलेली माणसं, आणि तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्या लाइटवाल्यानं ‘कुठल्या बाजूनं लागली’ एवढंच पुन्हा पुन्हा विचारणं. ते चांगलं आहे. फार चांगलं आहे. आणि ते या कादंबरीतून काढा.

रागावू नका. त्याचा वेगळा लेख करा, दिवाळी अंकाला पाठवा, मी स्वतः दोन संपादकांना सुचवीन. पण कादंबरी सुध्याची आहे, आणि १९९४ सालच्या सुध्याला यातलं काही माहीत नाही. त्याला ती वास्तू जाईल असं वाटणं शक्यच नाही. त्याच्या दृष्टीनं ती कायमची आहे, आजोबांसारखी. तुम्ही मात्र २०२४ नंतर मागे जाऊन त्याच्या पानांत हळूच निखारे पेरलेत. पान ४४ वर ‘कुठेतरी वायर जळल्याचा वास आला’. पान ९० वर लाकडी फळ्यांकडे बघून त्याच्या ‘मनात का कोण जाणे, पाल चुकचुकली’. ही पाल तुमची आहे हो, त्याची नाही. सोळाव्या वर्षी तो त्या फळ्यांवरून चालतो तेव्हा त्याच्या मनात एवढंच असतं की दुसरी फळी करकरते, तिच्यावर पाय द्यायचा नाही. तेवढंच लिहा. पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ती आग ठाऊक आहे. करकरणारी फळी वाचताना त्याच्या पोटात जे व्हायचं ते होईल, तुम्ही शेजारी उभं राहून सांगायची गरज नाही.

थिल्लर वाटतंय म्हणालात, तेही मला पटत नाही. तुम्ही शेवटाकडून उलटं वाचताय म्हणून तसं वाटतंय. त्या पोरानं त्या विंगेत बसून शेंगदाणे खाल्ले, सुलूकडे बघितलं, एकदा चक्क झोपला. ती जागा त्याच्यासाठी तशीच होती. तिथे गांभीर्यानं वागायला हवं होतं हे तुम्हाला आता वाटतंय, जळल्यानंतर.

आणि तुमच्या हातात जे खरं सोनं आहे, त्याच्यावर तुम्ही जेमतेम अर्धं पान खर्च केलंय. प्रॉम्प्टिंग. मीही कॉलेजात असताना एका स्पर्धेच्या नाटकाला संहिता धरून बसले होते, म्हणून विचारते: नट विसरलाय की पॉज घेतोय, हे तुम्हाला कधी कळायला लागलं? मला कळलं नव्हतं. आमच्याकडे एक वयस्कर नट होते, बँकेत नोकरीला, तिन्ही अंकांत मिळून वीस-बावीस वाक्यं. मुलाचं पत्र वाचून ते थांबायचे. रंगीत तालमीला थांबले त्यापेक्षा प्रयोगात जास्त थांबले, आणि मी घाबरून वाक्य टाकलं. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्यांनी ते वाक्य घेतलं, प्रयोग पुढे नेला. संपल्यावर मी रडत बसले होते, तर ते आले, माझ्या मांडीवरची संहिता उघडली, ते पान काढलं आणि पेन्सिलीनं त्या दोन वाक्यांच्या मधे एक बारीक आडवी रेघ ओढली. ‘इथं मी श्वास घेतो, बाळ,’ म्हणाले. पुढच्या प्रयोगाला मी चेहऱ्याकडे बघणं सोडलं, हाताकडे बघायला लागले. विसरलेल्या माणसाची बोटं सदऱ्याचं टोक शोधतात. थांबलेल्या माणसाचा हात निवांत असतो.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा शंभरपट माहीत असणार, दोन वर्षं बसलात तिथे. सुध्या कादंबरीच्या सुरुवातीला जरा शांतता झाली की वाक्य टाकतो. सगळी मंडळी त्याच्यावर वैतागलेली, कुणी त्याला ‘आकाशवाणी’ म्हणतं, आणि त्याला वाटतं नाटक आपल्यामुळेच चाललंय. शेवटी कधीतरी तो एका माणसाच्या गप्प बसण्यासमोर तोंड मिटून बसेल. दहावीचा निकाल, सुलूचं लग्न, मुंबईची गाडी यातलं काही घडलं नाही तरी चालेल. तेवढ्यात पोरगा मोठा झालेला असेल.

तो माणूस कोण, हे मी पान १४० वाचलं तेव्हा माझ्यापुरतं ठरलं. तिथे वडील सुध्याला एक टॉर्च देतात. ‘बारकी, खिशात मावेल अशी, नवे सेल घातलेली,’ असं तुम्ही लिहिलंय. ‘तालमीला उशीर हुतो तुला, ऱ्हाऊ दे,’ असं म्हणतात आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात. सुध्या खूश होतो, कारण विंगेत अंधारात संहिता वाचायला त्याला टॉर्च हवीच होती. प्रसंग संपला. पुढच्या पानावर तुम्ही सायकल पंक्चरचा किस्सा सांगायला लागलात.

प्रॉम्प्टरबुवा, पान ९ वर तुमचंच वाक्य आहे: तालीम घरापासून चाळीस पावलांवर. चाळीस पावलांना टॉर्च कशाला लागते? रात्री महाद्वार रोडनं बिनखांबी गणेशापर्यंत आणि तिथून खासबागेकडे जाणाऱ्याला लागेल. किंवा विंगेत बसणाऱ्याला.

आणि पान ३१ वर तुम्ही वडिलांचे कान वर्णन केलेत. कुस्तीनं चेमटून, गोळा होऊन गेलेले, थोरल्या भावाचेही तसेच व्हायला लागलेले. ज्या माणसाचे कान असे आहेत, तो रोज रात्री जेवताना समोर बसलेल्या धाकट्या पोराचे कान बघत असणार. वर्षभर तालमीत जाऊनही ते कोवळेच्या कोवळे. पैलवानाला हे कळलं नसेल? मग तो दूध का देत राहिला?

तुम्ही हे प्रसंग मुद्दाम पेरले असतील असं मला वाटत नाही. तुम्ही आठवेल तसं लिहीत गेलात आणि ते आपसूक आले. म्हणूनच मला ते खरे वाटतात. तेव्हा पुढचे काही महिने एक ओळही लिहू नका. आगीचं प्रकरण वेगळ्या पाकिटात घाला. आणि एखाद्या संध्याकाळी वडील मोकळे असतील तेव्हा त्यांच्याजवळ बसून विचारा की ती टॉर्च त्यांनी का आणली होती. ऐकू कमी येतं म्हणालात, तर कानापाशी जाऊन विचारा. त्या कामाची तुम्हाला सवय आहे. फक्त त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही, तर मधे वाक्य टाकू नका. हाताकडे बघा.